न्यायासनावरील इतिहास : रॉबर्ट व्हान गुलिक यांचे जीवन आणि त्यांची रहस्यकादंबरी

ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा हे दोन्ही वाङ्मयप्रकार मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पहिल्याला आपल्या समीक्षेने प्रारंभापासून मानाचे पान दिले. दुसऱ्याने फिरत्या वाचनालयांच्या फळ्या भरल्या, बाबूराव अर्नाळकरांसारख्या लेखकाच्या हाती अफाट वाचकवर्ग मिळवला, परंतु अभ्यासक्रमाचा उंबरठा त्याला क्वचितच ओलांडता आला. या दोन प्रकारांचा संकर आपल्याकडे जवळजवळ झालाच नाही, ही गोष्ट थोडी विचार करायला लावणारी आहे. सामग्रीचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांचा खून आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दिलेले देहान्त प्रायश्चित्त या एकाच प्रकरणात गुन्हा, संशय, दस्तऐवज, चौकशी आणि निवाडा असे सारे घटक उपस्थित आहेत. तरीही आपल्या ललित लेखनाने त्याकडे बहुधा शोकनाट्य म्हणून पाहिले, तपासाची कथा म्हणून पाहिले नाही. रामशास्त्री आपल्या मनात आहेत ते निकाल सांगतानाच्या क्षणी. त्या निकालापर्यंत ते कसे पोहोचले, हा प्रश्न कथात्म लेखनाला फारसा पडला नाही.

हा प्रश्न ज्याला पडला आणि ज्याने त्यातून एक संपूर्ण कादंबरीमाला उभी केली, अशा एका लेखकाच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रॉबर्ट हान्स व्हान गुलिक हे डच राजनैतिक अधिकारी, चिनी विद्येचे पंडित आणि ‘न्यायाधीश डी’ या नायकाभोवती गुंफलेल्या रहस्यकादंबऱ्यांचे कर्ते. त्यांच्या डच भाषेतील चरित्राला, १९९३ मध्ये, ‘तीन आयुष्यांचा माणूस’ अशा अर्थाचे शीर्षक देण्यात आले, ते या तिहेरी ओळखीमुळेच. मात्र ही तीन आयुष्ये वेगवेगळ्या कप्प्यांत जगली गेली असे मानले, तर त्यांच्या कादंबरीचा घाट समजत नाही.

व्हान गुलिक यांचा जन्म ९ ऑगस्ट १९१० रोजी नेदरलँड्समधील झुटफेन येथे झाला. वडील डच ईस्ट इंडीजच्या सैन्यात वैद्यकीय अधिकारी असल्यामुळे बालपणाची महत्त्वाची वर्षे जावा बेटावर गेली. मलायी भाषा त्यांच्या कानावर खेळता खेळता पडली. वायांग या छायानाट्याचे वेड तेव्हाचेच, आणि महाभारत-रामायणातील पात्रांशी त्यांची पहिली ओळख त्या पडद्यावर झाली असणार, असे मानायला हरकत नाही. घरातील एका चिनी फुलदाणीवरील अक्षरांनी त्यांचे लक्ष चिनी लिपीकडे वेधले, असे सांगितले जाते. १९२३ मध्ये कुटुंब मायदेशी परतले. नायमेखन येथे शाळेत असतानाच त्यांना सी. सी. उलेनबेक या थोर भाषाशास्त्रज्ञाचा सहवास लाभला. उलेनबेकांनी या शाळकरी मुलाला संस्कृत शिकवले आणि त्याच्याकडून उत्तर अमेरिकेतील ब्लॅकफूट भाषेच्या शब्दसंग्रहाचे काम करून घेतले. त्या संग्रहाचा १९३० मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला खंड दोघांच्या नावावर आहे.

पुढे लायडन आणि उत्रेख्त येथील विद्यापीठीय शिक्षणात चिनी, जपानी, संस्कृत आणि कायदा हे विषय त्यांनी एकत्र हाताळले. १९३२ मध्ये त्यांनी कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ या नाटकाचा डच अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्यातील सजावटीची चित्रेही स्वतः काढली. १९३५ मध्ये उत्रेख्त विद्यापीठाने त्यांना हयग्रीव या देवतेवरील प्रबंधासाठी पदवी दिली. चीन आणि जपानमधील मंत्रयान परंपरेत अश्वपूजेने कोणते रूप घेतले, हा त्या प्रबंधाचा विषय. मूळ भारतीय देवता चीनच्या भूमीवर गेल्यावर तिचे काय होते, या प्रश्नाने त्यांच्या संशोधनाची सुरुवात झाली. एका संस्कृतीतील वस्तू दुसऱ्या संस्कृतीत रुजताना कशी बदलते, हे कुतूहल त्यांच्या कादंबरीलेखनातही पुढे सतत जाणवते.

त्याच वर्षी ते डच परराष्ट्र सेवेत दाखल झाले आणि टोकियोच्या वकिलातीत रुजू झाले. येथून पुढचे आयुष्य बदल्यांचे आहे. १९४२ मध्ये युद्धामुळे जपान सोडावे लागले. पूर्व आफ्रिका, कैरो, दिल्ली असा प्रवास करीत १९४३ मध्ये ते चीनच्या युद्धकालीन राजधानीत, चुंगकिंग येथे पोहोचले. तेथेच त्यांचा विवाह श्वै श्र-फांग यांच्याशी झाला. छिंग राजवटीतील एका उच्चपदस्थ अधिकाऱ्याच्या त्या कन्या. युद्धानंतर हेग, वॉशिंग्टन, पुन्हा टोकियो, नवी दिल्ली, बैरूत, क्वालालंपूर आणि अखेरीस १९६५ पासून जपानमधील राजदूतपद, अशी ही साखळी आहे. २४ सप्टेंबर १९६७ रोजी हेग येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले तेव्हा ते अवघे सत्तावन्न वर्षांचे होते.

या तपशिलात मराठी अभ्यासकाने थांबून पाहावे अशी एक नोंद आहे. दिल्लीतील १९५१ ते १९५३ या वास्तव्याशी संबंधित असलेला त्यांचा ‘सिद्धम्’ हा ग्रंथ डॉ. रघुवीर यांच्या संस्थेने १९५६ मध्ये नागपूर येथून प्रकाशित केला. चीन व जपानमधील संस्कृत अध्ययनाचा इतिहास हा त्याचा विषय. ज्या लिपीत बीजमंत्र आणि धारणी पूर्व आशियात जतन झाल्या, त्या सिद्धम् लिपीभोवती ही मांडणी आहे. चिनी भिक्षूंपैकी ह्युएनत्संग, इत्सिंग यांसारखे थोडे अपवाद सोडता तेथे संस्कृत भाषेचे व्याकरणशुद्ध अध्ययन खोलवर रुजले नाही, अक्षरांची पूजा मात्र टिकली, असा त्याचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. ज्या लेखकाच्या रहस्यकथा लोक आगगाडीत वाचत, त्याचा एक विद्वज्जड ग्रंथ नागपूरच्या छापाचा आहे, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

आता मूळ विषयाकडे वळू. युद्धकाळात व्हान गुलिक यांच्या वाचनात अठराव्या शतकातील एक निनावी चिनी कादंबरी आली. सम्राज्ञी वू हिच्या काळातील चार विलक्षण प्रकरणे अशा अर्थाचे तिचे नाव असून तिचा नायक दी रन-चिये हा तांग काळातील खराखुरा राजपुरुष आहे (इ. स. ६३० ते ७००). हा दी इतिहासात मोठा मंत्री म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु न्यायखात्यात असताना एका वर्षात सतरा हजार माणसांशी संबंधित तुंबलेली प्रकरणे त्याने निकालात काढली आणि अन्याय झाल्याची एकही तक्रार आली नाही, अशी नोंद तांग राजवंशाच्या अधिकृत इतिहासात आहे. या एका वाक्यावर लोककल्पनेने पुढची हजार वर्षे इमारत चढवली.

त्या कादंबरीच्या चौसष्ट प्रकरणांपैकी पहिल्या तीस प्रकरणांचाच व्हान गुलिक यांनी इंग्रजी अनुवाद केला. उरलेला भाग दरबारी कारस्थानांचा आणि अश्लीलतेकडे झुकणारा असून तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातचा आहे, असे त्यांचे मत होते. हा अनुवाद १९४९ मध्ये टोकियो येथे त्यांनी स्वखर्चाने, मर्यादित प्रतींत छापला. त्याची प्रस्तावना वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासकाने अवश्य वाचावी. पाश्चात्त्य वाचकाला जुनी चिनी रहस्यकथा परकी का वाटते, याची पाच कारणे तीत सांगितली आहेत. गुन्हेगार कोण हे आरंभीच सांगून टाकले जाते. भुतेखेते, प्राणी, इतकेच काय, घरातली भांडीकुंडी न्यायालयात साक्ष देतात. कवने, अधिकृत पत्रे आणि तत्त्वचर्चा यांसह तपशिलांचा हव्यास असतो. पात्रांची संख्या दोनशेच्या पुढे सहज जाते. आणि गुन्हेगार सापडल्यावर कथा संपत नाही. त्याचा शिरच्छेद आणि नरकातील यातना सविस्तर सांगितल्याशिवाय वाचकाचे समाधान होत नाही.

या पाचांपैकी पहिले कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. गुन्हेगार आधीच ठाऊक असेल तर वाचकाची उत्सुकता कशात राहते? ती राहते न्यायाधीशाच्या बुद्धीत. दोन खेळाडूंचा बुद्धिबळाचा डाव पाहावा तसा वाचक तो सामना पाहतो. संस्कृत नाटकाच्या वाचकाला हे अपरिचित नाही. ‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकात वसंतसेनेचा गळा कोणी दाबला हे प्रेक्षकाला ठाऊक असते, चारुदत्त निर्दोष आहे हेही ठाऊक असते, आणि तरीही तो न्यायालयाचा प्रसंग श्वास रोखून पाहिला जातो. शूद्रकाचा अधिकरणिक मात्र हतबल आहे. त्याला चारुदत्ताच्या चेहऱ्यावर निरपराधीपणा दिसतो, पण पुरावा उलट जातो, आणि शिक्षेचा शेवटचा शब्द राजाचा. चिनी कथेतला जिल्हाधिकारी हा तपासनीस, फिर्याद चालवणारा आणि निवाडा देणारा असा तिहेरी अधिकारी आहे. आपल्याकडील जुन्या मामलेदाराच्या अधिकारांत पोलिसाची आणि न्यायाधीशाची सत्ता मिळवली तर जे चित्र होईल, ते साधारण त्याच्या जवळ जाते. असा माणूस रहस्यकथेचा नायक होणे स्वाभाविक होते. इंग्रजी रहस्यकथेतील हौशी गुप्तहेराला गुन्हेगार पोलिसांच्या हवाली केल्यावर घरी जाता येते. या अधिकाऱ्याला ती सोय नाही.

अनुवादित कादंबरीतील एक प्रसंग येथे नमूद करण्याजोगा आहे. पतीला मारल्याचा संशय असलेली स्त्री कोणत्याही यातनेने कबुली देत नाही. तेव्हा न्यायाधीश आणि त्याचे सहायक रात्री कारागृहात नरकाच्या दरबाराचे सोंग उभे करतात आणि स्वतः न्यायाधीश यमराज होऊन बसतो. बौद्ध धर्माबरोबर चीनला गेलेला आपला यम तेथे नरकाचा न्यायाधीश झाला. त्याचेच रूप घेऊन मानवी न्यायाधीश सत्य काढून घेतो. अद्भुताचा असा चातुर्याने केलेला वापर व्हान गुलिक यांना भावला असावा, कारण त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्यांतही भूत दिसते आणि त्याचा ऐहिक उलगडा होतो. पण तो उलगडा दर वेळी पूर्ण होतोच असे नाही. एखाददुसरा प्रसंग ते जाणूनबुजून उघडा ठेवतात.

अनुवादानंतरचे पाऊल स्वतंत्र लेखनाचे. त्यामागची प्रेरणा आजही विचारात घेण्यासारखी आहे. चीन आणि जपानमध्ये पाश्चात्त्य रहस्यकथांची सुमार भाषांतरे लोकप्रिय होत असलेली पाहून ते अस्वस्थ झाले. याहून कितीतरी सरस परंपरा या लोकांच्या घरात आहे आणि ती नव्या पद्धतीने कशी लिहिता येईल, हे आधुनिक चिनी व जपानी लेखकांना दाखवावे, असा त्यांचा उद्देश होता. म्हणून त्यांची पहिली स्वतंत्र कादंबरी ‘द चायनीज मेझ मर्डर्स’ ही इंग्रजीत लिहिली गेली तरी प्रथम प्रसिद्ध झाली ती १९५१ मध्ये जपानी भाषांतराच्या रूपात. १९५३ मध्ये तिची चिनी आवृत्ती सिंगापूर येथून निघाली, आणि ती चिनी आवृत्ती स्वतः लेखकाने तयार केली होती. इंग्रजी पुस्तक त्यानंतर काही वर्षांनी बाहेर आले. पौर्वात्यवादावरील चर्चेत असे म्हटले जाते की, पाश्चात्त्य लेखक पूर्वेचे चित्र पाश्चात्त्य वाचकासाठी रंगवतो. व्हान गुलिक यांच्या बाबतीत हा क्रमच उलटा आहे. पहिला वाचक पूर्वेचा होता. त्यामुळे ते आक्षेपातून सुटतात असे नव्हे. पण आक्षेप घेणाऱ्याला अधिक काळजीपूर्वक बोलावे लागते.

याच जपानी आवृत्तीने त्यांच्या संशोधनाला एक अनपेक्षित वळण दिले. प्रकाशकाला मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र हवे होते. जुन्या चिनी चित्रकलेत अशी परंपराच नाही, असे व्हान गुलिक यांनी सांगितले आणि मग आपले विधान तपासून पाहण्यासाठी जुन्या पुस्तकविक्रेत्यांकडे चौकशी केली. विधान चुकीचे निघाले. मिंग काळातील रंगीत शृंगारचित्रांचे लाकडी ठसेच त्यांच्या हाती लागले. त्यांवर त्यांनी १९५१ मध्ये केवळ पन्नास प्रती काढून एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्या निवडक ग्रंथालयांकडे पाठवल्या. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये प्राचीन चीनमधील लैंगिक जीवनावरचा त्यांचा मोठा ग्रंथ लायडन येथून निघाला. दरम्यान जोझेफ नीडहॅम यांनी घेतलेल्या हरकतीमुळे ताओपंथी साधनांविषयीचे आपले पूर्वीचे कठोर मत त्यांनी बदलले आणि तसे मोकळेपणाने मान्यही केले. त्या ग्रंथाच्या परिशिष्टात भारतीय तंत्रमार्ग आणि चिनी साधना यांच्या परस्परसंबंधाची चर्चा असून, प्रभावाची दिशा चीनकडून भारताकडे होती असे प्रतिपादन आहे. ते सर्वांना पटलेले नाही. पण एका मुखपृष्ठावरून निघालेला धागा तंत्रशास्त्राच्या इतिहासापर्यंत पोहोचतो, हे पाहताना कादंबरीकार आणि पंडित यांच्यात भिंत नव्हती याची खात्री पटते.

एकूण चौदा कादंबऱ्या, एका पुस्तकात एकत्र केलेल्या दोन दीर्घकथा आणि आठ लघुकथा इतका हा संसार आहे. पहिल्या पाच कादंबऱ्यांत जुन्या चिनी पद्धतीप्रमाणे तीन प्रकरणे एकाच वेळी चालतात आणि एकमेकांत गुंततात. प्रत्येक पुस्तकात लेखकाने स्वतः काढलेला नगराचा नकाशा आणि मिंगकालीन लाकूडठशांच्या शैलीतील चित्रे असतात. शेवटी एक उपसंहार असतो. कोणते कथाबीज कोणत्या जुन्या ग्रंथातून घेतले, कोठे बदल केला, न्यायालयाची रीत कशी होती, हे त्यात स्पष्ट सांगितलेले असते. तांग काळात पुरुष वेणी घालत नसत, ती पुढे सतराव्या शतकात मांचूंनी लादली, किंवा तेव्हा अफू आणि तंबाखू ओढण्याची चाल नव्हती, अशा नोंदी तेथे सापडतात. आपल्या ऐतिहासिक कादंबरीच्या प्रस्तावनांतही साधनांची यादी असते. पण तेथे तिचा सूर बहुधा ग्वाहीचा असतो. येथे लेखक आपली हातचलाखी उघड करून दाखवतो.

याच उपसंहारांच्या आधारे त्यांच्या संस्करणाची पद्धत तपासता येते. ‘मेझ मर्डर्स’मधील मृत्युपत्राचे प्रकरण घ्या. त्याचे मूळ सतराव्या शतकातील फंग मंग-लुंग याने संपादिलेल्या संग्रहातील एका कथेत आहे. एक वृद्ध अधिकारी मरताना तरुण पत्नी आणि लहान मुलगा यांच्या हाती केवळ एक चित्र ठेवतो. थोरला मुलगा सारी मालमत्ता बळकावतो. चित्रात दडवलेला कागद न्यायाधीशाला सापडतो, घरात पुरलेल्या धनाचा पत्ता त्याला कळतो, आणि मग तो मृताच्या आत्म्याशी बोलण्याचे सोंग करून ते धन धाकट्याला मिळवून देतो. पण मूळ कथेची खरी खोच पुढे आहे. कागदात न्यायाधीशासाठी माफक बक्षीस लिहिलेले असते आणि हा गृहस्थ, मृतात्म्याचीच तशी इच्छा असल्याचे सांगून, कितीतरी अधिक सोने स्वतःच्या घरी नेतो! कोणाला काही कळत नाही. वाचकाला मात्र कळते. भाऊ भांडले आणि तिसऱ्याचे फावले, असा तो मिस्कील शेवट.

व्हान गुलिक यांनी चित्र ठेवले, दडवलेला कागद ठेवला, त्यात चक्रव्यूहाची भर घालून कोडे अधिक अवघड केले. गाळले ते न्यायाधीशाचे सोने. त्यांचा डी हा निष्कलंक आहे, लाच त्याला स्पर्श करीत नाही. रहस्यकथेच्या रचनेच्या दृष्टीने हा बदल अपरिहार्य असेलही. शोधकच भ्रष्ट असेल तर वाचक कोणावर भिस्त ठेवणार? पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता मूळ चिनी कथाकार अधिक कठोर वास्तववादी ठरतो आणि आधुनिक डच पंडित अधिक आदर्शवादी. चीनच्या नोकरशाहीविषयी चिनी लेखकाला जी शंका होती, ती तिच्या प्रेमात पडलेल्या परदेशी अधिकाऱ्याला घेता आली नाही, असे माझे मत आहे. तो स्वतःही शेवटी एक सरकारी अधिकारीच होता.

हीच गोष्ट दुसऱ्या अंगानेही दिसते. डी हा कट्टर कन्फ्यूशियसपंथी आहे. बौद्ध भिक्षू आणि ताओपंथी साधू यांच्याकडे तो संशयाने पाहतो, आणि कथानक अनेकदा त्याचा संशय खरा ठरवते. ‘द चायनीज बेल मर्डर्स’मध्ये अपत्यप्राप्तीसाठी मंदिरात रात्र काढणाऱ्या स्त्रियांचे प्रकरण आहे, तेथे गुन्हेगार भिक्षूच आहेत. सीमेवरचे उइगुर, बंदरातले अरब यांची चित्रणेही राजधानीतल्या सुशिक्षित चिनी माणसाच्या नजरेतून येतात. लेखक हा पूर्वग्रह पात्राचा म्हणून दाखवतो की स्वतःही त्यात सामील होतो, हे दर वेळी ठरवता येत नाही. शिवाय तांग काळाच्या कथेत पोशाख, घरे आणि चालीरीती मिंग काळाच्या, म्हणजे सहा-सातशे वर्षांनंतरच्या आहेत. जुन्या चिनी कादंबरीकारांचीच ही रीत असल्याचे व्हान गुलिक सांगतात. ते खरे आहे. परंतु त्यामुळे त्यांचा चीन काळाच्या बाहेर उभा राहतो, हेही तितकेच खरे. स्त्रियांवरील अत्याचारांच्या वर्णनांत तर चित्रकाराची नजर नैतिक नजरेवर मात करते, आणि ते वाचताना अवघडल्यासारखे होते.

मग या कादंबऱ्यांत गंभीरपणे घ्यावे असे काय उरते? माझ्या मते, कायद्याच्या क्रूरतेशी त्यांनी केलेला प्रामाणिक व्यवहार. १९५६ मध्ये व्हान गुलिक यांनी तेराव्या शतकातील एका चिनी न्यायविषयक ग्रंथाचा अनुवाद प्रसिद्ध केला. न्यायाधीशांच्या मार्गदर्शनासाठी एकशे चव्वेचाळीस प्रकरणे जोडीजोडीने मांडलेला हा ग्रंथ. त्या अभ्यासातून त्यांना त्या व्यवस्थेचा सांगाडा नेमका दिसला. आरोपीच्या कबुलीशिवाय शिक्षा नाही, म्हणून कबुलीसाठी यातना. पण निरपराध माणसाला यातना दिल्याचे सिद्ध झाले तर न्यायाधीशावर स्वतः शिक्षा भोगण्याची पाळी. खोटी फिर्याद करणाऱ्याला, आरोप खरा ठरला असता तर जी शिक्षा झाली असती, तीच. म्हणजे न्यायासनावर बसलेला माणूसही जोखमीत आहे. पाश्चात्त्य रहस्यकथेत चुकलेला तर्क ही केवळ मानहानी असते. येथे ती पदच्युती, क्वचित मृत्यू असू शकते.

या जोखमीची परिणती ‘द चायनीज नेल मर्डर्स’ (१९६१) या कादंबरीत झाली आहे. मला ही त्यांची सर्वश्रेष्ठ कृती वाटते. उत्तर सीमेवरील थंडीने गोठलेल्या नगरात एका विधवेवर पतीच्या खुनाचा संशय आहे. डी प्रेत उकरून काढण्याचा आदेश देतो. प्रेतावर काहीच खूण सापडत नाही. मृताच्या विश्रांतीचा भंग करणे हा गंभीर अपराध. नगर खवळते, आणि डी स्वतःचे पद सोडण्याच्या तयारीला लागतो. तेव्हा औषधविक्रेत्याची पत्नी, जिच्याविषयी त्याच्या मनात एक अव्यक्त ओढ निर्माण झालेली आहे, बोलता बोलता त्याला एक धागा देते. मस्तकात ठोकलेला खिळा केसांत दिसत नाही. दुसऱ्या तपासणीत खिळा सापडतो, डी वाचतो. पण ही युक्ती त्या स्त्रीला कशी ठाऊक? कारण आपल्या पहिल्या, छळवादी पतीला तिने तसेच मारले होते. जिने आपल्याला वाचवले, तिच्यावर खटला चालवणे आता न्यायाधीशाचे कर्तव्य ठरते. ती हे जाणूनच बोललेली असते. ती कड्यावरून उडी घेते.

खिळ्याचे कथाबीज चिनी परंपरेत जुने आहे, आणि तेथे ते चातुर्यकथेचे आहे. सांगणारी स्त्री स्वतःच दोषी निघते, न्यायाधीशाला एकाऐवजी दोन गुन्हे सापडतात, आणि श्रोता खूश होतो. व्हान गुलिक यांनी घटनाक्रमाला धक्का न लावता केंद्र हलवले. कोड्याचे उत्तर मिळाल्याचा आनंद वाचकाला घेता येत नाही, कारण ते उत्तर कोणाच्या तरी प्राणांच्या किमतीने आलेले आहे. याच कादंबरीत डीचा जुना विश्वासू सहायक हूंग मारला जातो. कादंबरीच्या अखेरीस त्याची राजधानीत बढतीने नेमणूक होते. कारकिर्दीच्या शिखरावर पोहोचलेला हा नायक वाचकाला मात्र एकाकी आणि थकलेला दिसतो.

१९६० नंतरच्या कादंबऱ्यांत पात्रे कमी झाली, परिसर आवळला गेला, यातनेचे प्रसंग विरळ झाले. ‘द हाँटेड मोनॅस्टरी’ (१९६१) आणि ‘द लॅकर स्क्रीन’ (१९६२) ही पुस्तके त्यांनी क्वालालंपूर येथे स्वतःच छापून काढली. त्या घरी त्यांनी गिबन जातीचे वानर पाळले होते आणि शेवटच्या वर्षात चिनी परंपरेतील गिबनवर एक ग्रंथही लिहिला, ज्याच्या सोबत त्या वानरांच्या हाकांची ध्वनिमुद्रिका आहे. ‘नेकलेस अँड कॅलबॅश’ (१९६७) मध्ये एका ताओपंथी वृद्धाशी डीची गाठ पडते, आणि या वेळी ती भेट पूर्वीसारखी संशयाची राहत नाही. शेवटची कादंबरी ‘पोएट्स अँड मर्डर’ लेखकाच्या मृत्यूनंतर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली.

ऐतिहासिक रहस्यकादंबरीच्या इतिहासात त्यांचे स्थान आद्य प्रवर्तकाचे नाही. लिलियन दे ला तोरे यांनी डॉ. जॉन्सनला गुप्तहेर करून कथा लिहिल्या त्या आधी, आणि अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची प्राचीन ईजिप्तमधील कादंबरीही १९४४ ची. परंतु एका पात्राभोवती, एका शासनव्यवस्थेच्या पक्क्या अभ्यासावर, सुसंगत कालक्रमाने उभारलेली मालिका इंग्रजीत त्यांच्यापूर्वी अशा प्रमाणात दिसत नाही. एलिस पीटर्स यांचा ब्रदर कॅडफेल १९७७ मध्ये अवतरला, उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोज’ १९८० मध्ये. विद्वत्ता आणि रहस्य एकाच पानावर नांदू शकतात हे तोवर व्हान गुलिक दाखवून गेले होते. चीनमध्ये १९८० च्या दशकात या कथांचे पुन्हा चिनीत भाषांतर झाले, त्यांवर दूरचित्रवाणी मालिका निघाली. दी रन-चिये हा चिनी वाचकाला आज मंत्री म्हणून जितका ठाऊक आहे, तितकाच शोधक न्यायाधीश म्हणूनही ठाऊक आहे, आणि यात काओ लो-पेइ या चिनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डच माणसाचा वाटा मोठा आहे.

एम. ए. च्या वर्गात दरवर्षी कोणी तरी विचारते की रहस्यकथेवर प्रबंध लिहिला तर चालेल का, आणि प्रश्न विचारताना आवाज थोडा खाली गेलेला असतो. अशा विद्यार्थ्याच्या हाती मी अलीकडे ‘नेल मर्डर्स’ ठेवतो, आणि शेजारी देवलांचे ‘मृच्छकटिक’. रामशास्त्र्यांच्या चौकशीची कागदपत्रे त्यानंतर वाचावीत.